बाण नसलेल्या रेघा
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की बदनापूर स्टेशनवरचा उन्हानं तापलेला बाक आठवतो. मला कॉलेजात गणित शिकवलेले सर नऊ वर्षं सेमीग्रुपवर, म्हणजे गुणाकार असलेल्या गणितातल्या एका रचनेवर, पीएचडी करत होते. त्या बाकावर त्यांनी मला चहा दिला, मांडीवर नुकताच झेरॉक्स करून आणलेला प्रबंध उघडला आणि ग्राफ दाखवला. प्रत्येक घटकाचा एक ठिपका, अन् गुणाकारानं एकातून दुसऱ्यात जाता आलं की मधे रेघ. रेघांना बाण नव्हते, म्हणजे जाणं-येणं दोन्हीकडून धरलेलं. ग्रुपात गेलेल्या वाटेनं परत येता येतं, सेमीग्रुपात तशी हमी नसते. त्या रेघांवर उभं असलेलं शेवटचं प्रकरण कोसळणार, हे मला तिथंच दिसलं. "बराबर हाय ना?" सरांनी विचारलं. "बिलकुल, सर," मी म्हणालो. सरांची चूक काढायची आमच्यात पद्धतच नाही. काही महिन्यांनी प्रबंध नामंजूर होऊन आला. त्याच बाकावर सर म्हणाले, "इतकी साधी गोष्ट, अन् सांगणारं एक माणूस भेटलं न्हाई मला." मी चहा सांगायला उठलो. सरांनी पुन्हा कागदाला हात लावला नाही. आता मीही शिकवतो; दरवर्षी फळ्यावर तोच ग्राफ मुद्दाम बाणांशिवाय काढतो आणि विचारतो, "चुकलं का काही?" पोरं एका सुरात म्हणतात, "न्हाई सर, बराबर हाय."