जगरातला वास

चौदा डिसेंबर, रविवार. काम : बावीस माणसांचे रोडगे, घरामागच्या अंगणात.

रोडगे म्हणजे कणकेच्या तीन-चार पाऱ्या तेल लावून एकात एक बसवायच्या, वरून जाड पारीने तोंड बंद करायचं आणि तो गोळा गोवऱ्यांच्या विस्तवात, म्हणजे जगरात, भाजायचा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्या कारंज्यात हे सगळ्यांना येतं, त्यामुळे सल्लेही सगळेच देतात. म्हणून मी सहसा कोणाला विस्तवाजवळ येऊ देत नाही.

माझे नियम फार नाहीत. जगरं पेटलं की लगेच रोडगे टाकायचे नाहीत. ज्वाळ बसू द्यायची, धूर थांबू द्यायचा, निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की मगच हात घालायचा. घाई केली की वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. निखारे एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ पसरायचे. ज्याने लवकर रंग धरला तो रोडगा पातळ बाजूला सरकवता येतो. चिमटा लांब हवा. भाजीचं पातेलं वेगळ्या चुलीवर ठेवायचं. आणि रॉकेल नाही, रंग दिलेलं लाकूड नाही, खोक्यांच्या फळ्या नाहीत. भातासारखं इथे मध्ये भांडं नसतं. विस्तवात जे जळतं ते सरळ कणकेत उतरतं.

गोवऱ्या मागच्या गल्लीतल्या बाईकडून आणल्या होत्या. तिच्याकडे चार गायी. थापते चांगल्या, पातळ आणि खडखडीत वाळलेल्या. तरी माझ्या मनात शंका होतीच. बसस्टँडजवळच्या उकिरड्यावर गायी प्लॅस्टिकच्या पन्न्या चघळताना मी कैकदा पाहिल्या होत्या आणि त्यातली एक पांढरी गाय तिचीच असावी असं मी धरून चालले होते.

दीर आणि जाऊ वर्ध्याहून नऊलाच आले. दीर आल्याआल्या बाह्या सारून उभा.

“वहिनी, तुमी भाजी पाहा जी. जगरं मी पेटवतो.”

“रॉकेल नाई लावायचं, भाऊजी.”

“रॉकेल कोन वापरते आता? मोबाइलवर पाहून आलो मी.”

“मंग मोबाइलच घाला जगरात.”

जाऊ खळखळून हसली. मी वांगी चिरायला आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर येऊन पाहते तर जगरं चांगलंच धरलेलं. गोवऱ्या इतक्या लवकर धरत नाहीत. विचारलं तर म्हणाला, “हातगुण लागते, वहिनी.” मला ते पटलं नव्हतं. पण माणसं बसली होती, पाऱ्या लाटायच्या होत्या, मी सोडून दिलं.

पाऊण तासाने राख धरली. निखारे पसरायला मी फावडं घातलं, खालचा थर वर आला, आणि नाकात वास गेला. जळक्या प्लॅस्टिकचा. शेणाच्या धुराचा वास वेगळा, हा घशात बसणारा.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हणाले, “तिच्या गवऱ्यांत पन्नी हाये. बसस्टँडवर चारते गायी, दुसरं काय निंगनार!”

पाऱ्या लाटायला शेजारीण आली होती. येत्या रविवारच्या देवळातल्या महाप्रसादाच्या रोडग्यांचं काम तिच्याकडे होतं आणि त्यासाठी पाचशे गोवऱ्या तिने त्याच बाईला सांगितल्या होत्या. तिचं लाटणं थांबलं.

“असं हाये का व? मंग मी नाई घेत बाई तिच्याकडच्या. देवाचं काम हाये.”

दीर तेव्हा भाजी चाखत होता. एरवी प्रत्येक वाक्याला उत्तर देणारा माणूस, पण त्याने नुसती मान हलवली. हे माझ्या लक्षात आलं, मात्र तेव्हा मी फावड्याने वासाची बाजू उपसण्यात गुंतले होते. उरलेल्या निखाऱ्यांवर रोडगे भाजले. जेवणं उशिरा झाली. सगळे चांगलं म्हणाले. मी एकच खाल्ला, तोही चार वेळा हुंगून.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर राख भरायला बसले. उपसलेल्या ढिगात काळा, कडक गोळा सापडला. त्याच्या एका कडेला न जळलेली पट्टी होती, पाकीट बंद करतात तशी सरळ चिकटवलेली. गाईच्या पोटातून एवढी सरळ कड बाहेर येत नाही.

“गवरीतलीच असंन,” नवरा म्हणाला.

मी कचऱ्याचा डबा उलथा केला. त्या दिवशी तेलाच्या तीन पन्न्या फोडल्या होत्या. डब्यात दोन निघाल्या. फोन लावला.

“भाऊजी, तेलाची तिसरी पन्नी कुठं गेली?”

पलीकडे त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

“तेल लागलेली पन्नी मस्त पेटते, वहिनी. एकच तं होती.”

“मंग तोंड काऊन बंद ठेवलं?”

“तुमी त्या बाईले बोलून राह्यल्या होत्या. मले वाटलं, माह्यावरचं गेलं.”

मी फोन ठेवला. पण एक पन्नी दिराची निघाली म्हणून गोवऱ्या स्वच्छ ठरत नाहीत. दोन्हीकडे खोट असू शकते.

सकाळी उठल्यावर उरलेल्या गोवऱ्यांतल्या तीन उचलल्या, तुरीच्या काड्यांवर पेटवल्या आणि राख होईपर्यंत शेजारी बसून राहिले. उलथूनही पाहिल्या. शेणाच्या धुराखेरीज कसलाही वास नव्हता.

शेजारणीकडे गेले. तिने रात्रीच तळेगावच्या एका माणसाला सांगून ठेवलं होतं, दुपारी त्याचा टेम्पो येणार होता.

“त्याले नाई म्हना. पन्नी आमच्या घरची होती.”

“आन् देवळात वास आला तं?”

“जगराजवळ मी बसते. पह्यला रोडगा मी खाते. मंग तं झालं?”

तिने फोन उचलला आणि टेम्पो नको म्हणून सांगितलं.

मागच्या गल्लीत गोवऱ्यावाली अंगणात शेण कालवत होती. तिच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

“या. आल्या का पन्नी पाहाले?”

“पन्नी माह्या घरची होती. मी चुकीचं बोलली.”

“काल लय मोठ्यानं बोलल्या म्हने. आज हळू बोलून राह्यल्या.”

मी तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हटलं. नळावरच्या दोघींनी वळून पाहिलं. मग मला राहवलं नाही, मी विचारलंच, “पन गायी बसस्टँडवर काऊन सोडता?”

“त्या माह्या नाई. माह्या बांधून असतात. जा, पाहून घ्या.”

मी आत गेले. चारही दाव्याला होत्या, पुढ्यात कडबा. पांढरी त्यांत एकही नव्हती. बाहेर येऊन मी पदर खोचला आणि देवळाच्या गोवऱ्या तिच्या दारातल्या हातगाडीत भरायला लागले.