उसवायची शिलाई

आमच्या सुलूची शिलाई उसवली असं हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका तरी गाळ्यात कोणी म्हणून दाखवावं. शाळेची दप्तरं शिवता शिवता तिचे केस पिकले. पोरं कॉलेजात गेली, दप्तरं अजून धड आहेत. मी आशा, तिच्या शेजारच्या मशीनवर बसते आणि दिवसभर तिची बोलणी खाते. बाई राजापूरची, जीभ तिखट, पण हात! बघत राहावं असा हात.

एक दिवस कुठल्याशा नव्या रॉकेट कंपनीचा नीरज नावाचा इंजिनिअर गाळ्यात आला. हातात जाड नायलॉनची पट्टी. म्हणाला, "ताई, ही दुमडून अशी शिवून द्या, की हिसका बसला की शिलाई उसवली पाहिजे."

सुलूने पट्टी त्याच्यापुढे टाकली. "उसवायला शिवू? थट्टा करताय काय गरिबाची? असलं काम इथे होत नाय. निघा!"

शेठ धावत आले. "अरे सुलूबाई, सुन तो लो!"

नीरजही चिवट. स्टूल ओढून बसला आणि समजवायला लागला. रॉकेट वर जातं तेव्हा त्याचा खालचा दोन मजली भाग, म्हणजे बूस्टर, आपलं काम उरकून सुटतो. एरवी तो समुद्रात आदळून फुकट जातो. यांना तो पॅराशूटने अलगद उतरवायचा होता, बोटीने ओढून आणायचा होता आणि पुन्हा उडवायचा होता. पण पॅराशूट उघडताना असा काही हिसका बसायचा की दोनदा दोर तुटले आणि बूस्टरचा चुराडा झाला. म्हणून आता दोर आणि बूस्टर यांच्या मध्ये अशा चार पट्ट्या. हिसका बसला की टाके एकामागून एक तुटणार, प्रत्येक टाका थोडा थोडा जोर खाणार, दोरांवर येईल तो ताण नरम पडलेला असेल.

सुलूने टाकलेली पट्टी पुन्हा हातात घेतली. म्हणाली, "म्हणजे टाक्याने मरायचं आणि रॉकेटने जगायचं?"

"हो ताई."

"मग आधी तसं सांगायचं ना!"

पण डोक्याला पटलं तरी हाताला पटायला हवं ना. शिलाई संपली की मशीनचा रिव्हर्स दाबून टाका मागे-पुढे मारायचा, पक्का लॉक करायचा, हे आमच्या हाडात मुरलंय. इथे नेमकं तेच चालणार नव्हतं. लॉक बसला की उसवणं तिथे अडणार आणि उरलेला सगळा हिसका दोरांवर. सुलू नमुना शिवायची आणि शेवटाला हात आपोआप रिव्हर्सवर. नमुन्यामागून नमुना वाया. बाई स्वतःच्याच हाताला शिव्या देतेय, "मेल्या, सोड की!" मी हसले तर माझ्यावर डाफरली. शेवटी तिने रिव्हर्सचा दांडा चिंधीने बांधूनच टाकला, तेव्हा कुठे पट्ट्या झाल्या. त्यांच्यावर कव्हर चढलं, माल गेला.

दुसऱ्या दिवशी बघतोय तर चिंधी सैल होऊन लोंबतेय. सुलूचा चेहरा पांढराफटक. शेवटी शिवलेल्या चौथ्या पट्टीला लॉक तर बसला नसेल? लगेच फोन लावला. नीरज म्हणाला, "कव्हर घालायच्या आधी तपासलंय ताई, काळजी करू नका." पण हिचं समाधान होईल तर शपथ. मला म्हणते, "त्याने तपासलं गं, पण हात माझा आहे. मला माहितीय तो कसा आहे."

उड्डाणाच्या दुपारी तिने डबा उघडला नाही. मशीनं बंद करून आम्ही सगळे शेठच्या मोबाइलभोवती. रॉकेट उडालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुलू खेकसली, "वर जाणाऱ्याचं काय बघता? खाली येणाऱ्याचं बघा!"

आणि मग तो दिसला. आभाळात एक काळा ठिपका, सुसाट खाली येणारा. पॅराशूट उघडलं, बूस्टर गचकन हलला, सुलूची नखं माझ्या मनगटात रुतली. दोर टिकले! एवढं मोठं धूड डुलत डुलत, सावकाश, समुद्राकडे यायला लागलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाई गं, ढगांच्याही पार जाऊन आलेली वस्तू, आणि ती आमच्या शेजारच्या मशीनवरच्या टाक्यांना लटकलीय! बूस्टर पाण्यात पडला आणि तरंगत राहिला. गाळ्यात एकच कल्ला झाला. सुलू मात्र जागची हलली नाही. "पट्ट्या बघितल्याशिवाय मला काय सांगू नका," म्हणाली.

आठवड्याने नीरज पट्ट्या घेऊन आला. खाऱ्या पाण्याने कडक झालेल्या, दोरे विस्कटलेले. चारही पट्ट्या जवळजवळ पूर्ण उसवलेल्या. शेवटची बोटभर शिलाई तेवढी शाबूत. सुलूने चौथी पट्टी उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. लॉक नव्हता. सरळ, मोकळा शेवट.

"एवढ्यावर आलं होतं?" तिने बोट दाखवून विचारलं.

"एवढ्यावर."

"आणि तो बूस्टर?"

"धड आहे ताई. साफसफाई चाललीय. पुढच्या वेळी तोच उडणार. पट्ट्या मात्र नव्या लागतील."

सुलूने माझ्या गळ्यात हात टाकले आणि रडायलाच लागली. "उसवली गं आशा, सगळी उसवली!" मग मी तरी कुठली थांबतेय? मीही रडले.

नीरज पट्ट्या बॅगेत भरायला लागला. चौथी सुलू सोडेना.

"लॅबमध्ये द्याव्या लागतात ताई, तपासायच्यात."

"तपासा ना. पण झालं की ही मला आणून द्यायची."

तो डोकं खाजवायला लागला. सुलूने डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो, आभाळात गेलेलं रॉकेट परत आणता तुम्ही. माझी एक पट्टी आणायला काय होतंय?"