आमच्या विहिरीचा दोर

त्या रस्त्यावर मला सगळे चांगला माणूस म्हणत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते त्या चांगुलपणाच्या हौसेपायी झालं.

आमची बाग अमरावतीच्या बाहेर, चांदूर बाजार गावाकडून येणाऱ्या रस्त्याला लागून होती. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेला झेंडूचे दोन वाफे. आम्ही जातीचे माळी. मी आणि माझी बायको अकोल्याला ख्रिस्ती झालो, तेव्हा भावांनी आधी आमचं ताट वेगळं केलं, मग विहिरीवर पाणी भरू देणं बंद केलं, मग बोलणंच टाकलं. इथल्या पाद्रीसाहेबांनी मिशनची पडीक जागा कसायला दिली आणि तिच्यात विहीर निघाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी झाला नसेल एवढा आनंद मला ती विहीर पाहून झाला होता. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षांत साता समुद्रापलीकडं कुठं लढाई लागली होती म्हणे, आणि इकडं आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला होता. शिगोशीग भरलेल्या गाड्यांनी रस्ता वाहत असे. बैल तोंडाला फेस आणून आमच्या बांधाशी थांबत. गाडीवान माझ्या हातचं पाणी पीत नसत, बाटलेला ना मी! माझ्या दोरालाही हात लावत नसत. बैलांना मात्र जात नव्हती. "बैलाले पाजा, बापा," असं लांबूनच म्हणत, आणि मी पोहरा सोडायचा, ओढायचा, दगडी डोणीत ओतायचा. मी नसलो की बायको ओढायची. सकाळपासून दिवस कलेपर्यंत हेच.

तहानलेल्याला पाजणं म्हणजे प्रभूलाच पाजणं, असं पाद्रीसाहेबांनी शिकवलं होतं आणि मी ते मनापासून मानत होतो. पण पोटातलं सांगतो. "बाटला म्हणून काय झालं, मानूस चांगला हाय," असं एखादा गाडीवान जाता जाता म्हणायचा ना, ते ऐकायला माझे कान टवकारलेले असायचे. माझ्या भावांनी जे म्हणायला हवं होतं ते मी रस्त्यावरच्या माणसांकडून ऐकून घेत होतो. त्यापायी वांग्यांचे वाफे करपले, तळहातांची सालं निघाली. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

बायकोला सातवा महिना लागला होता. एका सकाळी ती डोणीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "अवो, मले आता ओढनं होत नाही. दुपारपर्यंत ओढू, मंग दोर तिथंच ठेवू. ज्याले पाजायचं त्यानं ओढावं."

"ते आपल्या दोराले हात लावतीन का?"

"तुमी इचारलं का कधी?"

मी चिडलो. "तुले सेवा काय असते ते समजतच नाही," असं काहीबाही बोललो. माझं तोंड पहिल्यापासून असंच फाटकं.

ती आवाज न चढवता म्हणाली, "येशू बी लोकाइची गर्दी सोडून डोंगरावर जाये. तुमीच वाचून दाखवलं. मी काय डोंगर मागून राहिली? एक दुपार मागून राहिली."

 मी अंगरखा घातला आणि पाद्रीसाहेबांबरोबर बाजारात उपदेशाला निघून गेलो. जाताना बांधावरून ओरडलो, "कोनाले तहानलेलं परत पाठवू नको." त्या दिवशीचा उपदेश कशावर होता ते मला आजही पाठ आहे, पण सांगायची लाज वाटते.

परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. बांधाशी सात-आठ गाड्या उभ्या होत्या. डोण कोरडी, पोहरा चिखलात पडलेला. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा गाडीवान पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई पडली, बापा. म्या सुईन आनली हाय." त्यानं गाडी सोडून दिली होती आणि उन्हातान्हात पळत जाऊन शेजारच्या वस्तीतून सुईण आणली होती. मुलगी झाली होती. तिनं एकदा तोंड उघडलं, पण रडली नाही. मिशनच्या आवारातल्या कडुलिंबाखाली आम्ही तिला पुरलं. नाव ठेवायचं राहून गेलं.

आता पुढचं ऐका, म्हणजे मी कसला माणूस होतो ते कळेल. बायको आत खाटेवर पडलेली, आणि तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दोराला लागलो. गाडीवान हळहळत होते. "एवढं दुःख झालं, तरी पाजून राहिला," असं आपसात म्हणत होते. ते मला ऐकू येत होतं. बरंही वाटत होतं.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एक दिवस ती भिंतीला धरून बाहेर आली. तिनं माझ्या हातातून दोर काढून घेतला आणि विहिरीच्या काठावर, रस्त्याच्या बाजूला ठेवला. समोर तोच पांढऱ्या मिशांचा म्हातारा जोडी सोडून उभा होता.

"बाबा," ती म्हणाली, "दोर हा हाय. ओढा अन् पाजा. आमी थकलो."

म्हाताऱ्यानं रस्त्यावर मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मग तळहातांवर थुंकला, दोर धरला आणि सरसर पोहरा वर काढला. बैलांचं झाल्यावर शेवटच्या पोहऱ्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि ओंजळीनं स्वतःही प्याला. मागचा गाडीवान तोवर दोरासाठी हात पुढं करून उभा राहिला होता.

बायको माझ्याकडं न पाहता आत गेली. त्या दिवसापासून दुपारनंतर आम्ही दोराला हात लावला नाही, आणि तहानलेलं कुणी परत गेलं नाही.

पाद्रीसाहेबांजवळ मी सगळं कबूल केलं. देवानं क्षमा केली, असं ते म्हणाले. केलीही असेल. तिनं केली का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तिनं त्या सकाळीच मला विचारलं होतं, तुमी इचारलं का कधी? मी गाडीवानांना विचारलं नव्हतं, कारण त्यांनी आपापलं पाणी ओढून घेतलं असतं, तर मला चांगला कोण म्हणणार होतं?