केझायाचा नोकर

एमस टकवेल हा इंग्लंडातल्या विल्टशरचा शेतमजूर. मळणीयंत्रं आली, हिवाळ्याची मजुरी बुडाली, तेव्हा गावकऱ्यांबरोबर त्यानंही एका यंत्रावर हातोडा घातला. झालं! सात वर्षं काळं पाणी. गडी थेट ऑस्ट्रेलियाखालच्या कैद्यांच्या बेटावर, व्हॅन डीमन्स लँडला येऊन पडला आणि एका मेंढीवाल्या मालकाची बैलगाडी हाकू लागला.

चार वर्षांनी त्याची बायको केझाया जहाजानं मागोमाग आली. तिथं कायदाच तसा होता: आपखुशीनं आलेल्या बायकोला आपला कैदी नवरा सरकारकडे नोकर म्हणून मागता यायचा. घरचा धनी, पण कागदोपत्री बायकोचा गडी! केझायानं उतरल्या उतरल्या अर्ज केला. लवकर केला ते बरंच, कारण मालक एमसला आठवड्याभरात मेंढरांबरोबर दूर उत्तरेला धाडणार होता. तिथं गेलेला माणूस पुन्हा कधी दिसेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सुनावणी. पण बाईला कुठला धीर? ती निघाली गाडीवाटेनं त्याला शोधायला.

एमसनं लांबून बॉनेट टोपी घातलेली बाई येताना पाहिली आणि सवयीनं वाटेखालच्या चिखलात उतरला. टोपी काढली, मान खाली घातली. मोकळ्या माणसासमोर कैद्यानं असंच उभं राहायचं. वर बघितलं म्हणून पाठ सोललेली माणसं त्यानं पाहिली होती.

"एमस," ती म्हणाली.

"होय, बाईसाहेब," तो चिखलाकडे बघून म्हणाला. चार वर्षं सगळे त्याला टकवेल म्हणून हाकारत होते. एमस कोण, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

केझाया आल्या पावली परत फिरली.

"शहाणाच आहेस," गाडीवरचा जोडीदार कैदी फिंटन म्हणाला. "नावानं हाक मारणारी बाईसाहेब कधी बघितलीस का? बायको होती ती तुझी, बैला!"

एमस धडपडत वाटेवर चढला. तिच्यामागं धावावं, तर बैल सोडून जाणं म्हणजे पळून जाणं.

सुनावणीत मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "हा तुमचा नवरा? हवाय ना?"

केझायाचे डोळे सुजलेले होते. "मला हवाय, साहेब. पण त्याला मी नको असेन. काल त्यानं मला ओळखसुद्धा दिली नाही. दुसरी कोणी असेल."

विचारल्याशिवाय कैद्यानं तोंड उघडायचं नाही. एमसनं उघडलं. "दुसरी कसली, केझाया? मी वर बघितलंच नाही! आम्हाला बघता येत नाही गं!"

"गप्प!" साहेब ओरडले. "या उद्धटपणाला फटके पडतात, ठाऊक आहे?"

केझायानं नवऱ्याकडे नीट पाहिलं. एवढं बोलतानाही त्याची मान वर झाली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "हा नोकर मी मागितलाय. त्याला काय शिक्षा करायची, ते माझं मी बघीन. आणि ती काही थोडकी नसेल."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी सही ठोकली.

बाहेर पडल्यावर एमस तिच्या दोन पावलं मागून, रस्ता बघत चालू लागला.

"पुढं ये," ती म्हणाली. तो तिथंच घुटमळला. "मालकिणीचा हुकूम आहे. पुढं ये, आणि बघ माझ्याकडे."

एमसनं मान वर केली. बराच वेळ बघत राहिला.

"म्हातारी झालीस की गं," तो म्हणाला आणि भर रस्त्यात रडू लागला.