गस्ती जहाजाची खबर कोळवणातून

कोळवणच्या त्या ओसरीवर मी जे ऐकलं, ते निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही.

समुद्रापासून लांब, आमच्या मुळशीच्या पोलीस ठाण्यात एके सकाळी तटरक्षक दलाचा एक अधिकारी आला. त्यांचं गस्ती जहाज डिझेल तस्करांच्या मागावर निघालं की तस्करांच्या बोटी आधीच पसार झालेल्या असायच्या. तीन मोहिमा अशाच वाया गेल्या होत्या. एका संशयित नंबरचे कॉल तपशील काढले, तेव्हा प्रत्येक मोहिमेच्या आदल्या दिवशी आमच्या हद्दीतल्या कोळवण गावच्या एका मोबाईलवरून त्यावर फोन गेलेला दिसला.

तो मोबाईल साठी गाठलेल्या एका विधवा बाईंचा निघाला. त्या भातशेती करत. एकुलता एक मुलगा त्याच गस्ती जहाजावर नोकरीला. मायलेक फितूर झालेत, असं मी धरूनच चाललो. महिला हवालदाराला आणि त्या अधिकाऱ्याला घेऊन घरी गेलो. नंबर दाखवून दरडावलं, "हा कोणाचा?"

"लेकीवानी हाय ती माज्या, साहेब. तिचाबी नवरा त्याच जहाजावर हाय. वरीस झालं, चुकून फोन लागला व्हता तिचा."

"तिच्याशी काय बोलता?"

"पोरगं सांगतंय, उद्या निगतोय, चार दिस फोन लागायचा न्हाई. मग मी तिला कळवती. तिलाबी घोर असतुया ना."

अधिकाऱ्याने बाईंकडून फोनवरच्या त्या बाईच्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. त्या नावाचा कुणीही जहाजावर नव्हता. तो नंबर तस्करांचा असल्याचं मी सांगितलं.

"पण मला ताप आला तवा ती रोज इचारायची," एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच विचारलं, "आता काय करू?"

आम्ही सांगितलं तसा, आमच्यासमोर त्यांनी तिला फोन लावला. जहाज दुरुस्तीला लागलंय, पोरगं सुट्टीवर येतंय, असं हसून सांगितलं.

दोन दिवसांनी बोटी निर्धास्त बाहेर पडल्या आणि जहाजाने घेरल्या. बोटींवर बंदुकाही सापडल्या. जहाज कधी, किती दिवसांसाठी निघतं हे त्या माणसांना वर्षभर ठाऊक होतं. फोनवरची ती बाईही पकडली गेली. मुलाला जहाजावरून उतरवून चौकशी लावली.

मी घराघरांत लोभ शोधत नोकरी केली. त्या घरात तो नव्हता. बंदोबस्ताला निघताना कुठे जातोय, कधी परतेन, हे मीही बायकोला दरवेळी सांगत आलो होतो. ती ते पुढे कुणाला सांगते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.