प्रॉम्प्टरच्या शेजारची जागा

आवाजाचं काम शिकायला येणारी मुलं हल्ली पहिल्याच दिवशी विचारतात, मॅम, तुमचे रोल मॉडेल कोण? माईक तोंडापासून किती लांब धरायचा हे त्यांना ठाऊक नसतं, एक पान धाप न लागता वाचता येत नाही, पण रोल मॉडेल आधी हवा असतो. मी त्यांना एक नाव सांगते आणि ती ते मोबाइलमध्ये लिहून घेतात. ज्याचं नाव सांगते तो माणूस खरा आहे, मोठा आहे, त्याचा आवाज तुम्हीही ऐकला असेल. फक्त त्यांनी मला काही शिकवलेलं नाही. मुंबईतल्या एका स्टुडिओच्या जिन्यात त्यांनी मला एकदा विचारलं होतं, चहा सांगितला का? मी खाली जाऊन चहा सांगून आले. आमचं गुरुशिष्याचं नातं एवढंच.

ज्यांनी शिकवलं ते सौंदडला, गोंदिया जिल्ह्यातल्या माझ्या गावी, आमच्या घरामागच्या राईस मिलमध्ये कामाला होते. मी त्यांना काकाजी म्हणायचे, नात्याने ते आमचे कुणी नव्हते. मिल सुरू असली की तिथे सगळे ओरडून बोलायचे, मालकापासून पोती वाहणाऱ्यांपर्यंत. काकाजी तेवढे साध्या आवाजात बोलायचे आणि ज्याला सांगायचं त्याला ते बरोबर ऐकू जायचं. लहानपणी मला ही जादू वाटायची. पुढे कळलं की तो सराव होता. दिवाळी ते होळी, नाटकांच्या दिवसांत, ते प्रॉम्प्टर असायचे.

झाडीपट्टीतलं, म्हणजे आमच्या त्या भागातलं, नाटक बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं. नटांचं पाठांतर होणार कधी? म्हणून रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून, हाताने लिहिलेली वही घेऊन प्रॉम्प्टर बसतो. तो प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य अर्धं पाऊल आधी वाचतो आणि नट ते उचलून मोठ्याने म्हणतो. यात कुणाला लाज वाटत नाही. पुण्यामुंबईचे लोक हे ऐकून हसतात, मी हसताना पाहिलं आहे. तेच लोक टीव्हीवर समोरच्या काचेवरची अक्षरं वाचतात आणि त्याला अभ्यास म्हणतात.

मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेला, आमच्या गावचं स्वतःचं नाटक असायचं. पुरुषांच्या भूमिका गावातलीच माणसं करायची, नायिका नागपूरहून यायच्या, त्याही नाटकाच्या दिवशीच. त्यामुळे तालमीत त्यांची वाक्यं काकाजी म्हणायचे. दुपारच्या सुट्टीत मिलचं यंत्र बंद झालं की गोदामात तालीम सुरू व्हायची. काकाजी पोत्यावर बसायचे आणि त्यांच्या शेजारी मी. वहीची पानं उलटायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या वयाच्या पोरी समोर नटांकडे बघत बसायच्या. मी कधी समोर बघितलंच नाही. माझ्या कानाशी एकच माणूस सासू व्हायचा, सरदार व्हायचा, दारुड्या व्हायचा, पोटुशी बाई व्हायचा. ना चेहरा रंगवलेला, ना हातवारे. डोळे वहीत आणि अंगात मिलचा मळका बनियन.

एका वर्षी नाटकाच्या दिवशी दुपारी नायिका आल्या आणि गोदामातच एकदा वाचन झालं. आई मुलाला घराबाहेर काढते असा प्रवेश होता. शेवटच्या शब्दाआधी काकाजींनी श्वास जरासा अडकवला, मग शब्द सोडला. आई झालेल्या बाईंनी शब्द उचलला आणि तो अडकलेला श्वासही उचलला. तांदूळ निवडायला बसलेल्या बायकांनी पदराने डोळे पुसले. बाईंची वाहवा झाली. मी रागाने काकाजींना म्हटलं, त्या तर तुमचंच रडणं रडल्या. ते खोकले, कोंड्याच्या धुळीचा खोकला त्यांना तेव्हापासून होता, आणि म्हणाले,

"मंग आपलं काम झालं ना, बाई. प्रामटर लोकायले आयकू आला का नाटक पडलं समज."

मला ते पटलं नाही. मग त्यांनी मला वाक्य फेकायला शिकवलं. मागच्या रांगेला ऐकवायचं काम नटाचं, आपण एकाच माणसाला सांगायचं, असं ते म्हणत. मला एका टोकाला बसवून गोदामाच्या दुसऱ्या टोकाच्या हमालाला वाक्य द्यायला सांगायचे. मधल्या माणसाने मान वळवली की मी चुकले. दोन वर्षं मी चुकत राहिले. मग एका दुपारी मधलं कुणी वळलं नाही आणि तिकडच्या हमालाने हात वर केला. काकाजींनी कौतुक वगैरे काही केलं नाही, वहीचं पुढचं पान काढायला सांगितलं. तेवढा आनंद मला नंतर एकाही बक्षिसाने झाला नाही.

माझं पोट आज याच विद्येवर चालतं. मुंबईत डबिंगच्या पहिल्या चाचणीला मला काचेच्या खोलीत उभं केलं, कानांवर हेडफोन चढवले, त्यात परक्या भाषेतलं मूळ बोलणं आणि समोर पडद्यावर ओठ. बाकीच्या मुली घाबरल्या होत्या. मला ते घरच्यासारखं वाटलं, कानात कुणीतरी बोलतंय आणि त्याचा श्वाससुद्धा उचलायचा आहे. पहिल्याच टेकला काम झालं. तिथल्या दिग्दर्शकांनी विचारलं, कुठे शिकलीस? राईस मिलमध्ये, हे जिभेवर आलं होतं. पण त्याआधी नागपूरच्या एका चाचणीत मला, तुझ्या बोलण्याला गावाचा वास येतो, असं सांगून परत पाठवलं होतं. तो वास घालवायला मी दोन वर्षं खर्ची घातली होती. इतकी, की आई फोनवर विचारायची, तू कोनासंग बोलून राहिली, माह्यासंगच ना? मी दिग्दर्शकांना सांगितलं, असंच, घरीच. त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला.

मग नाव झालं. म्हणजे माझं नाही, आवाजाचं. कार्टूनमधली खार मी आहे, बँकेच्या फोनवर तुम्हाला ताटकळत ठेवणारी बाईही मीच. एका पेपरने आवाजाच्या कलाकारांवर पान काढलं, त्यात माझी मुलाखत आली. प्रेरणास्थान कोण, असं विचारलं तेव्हा मी त्या चहावाल्या थोर आवाजाचं नाव घेतलं. नुसतं नाव घेऊन थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढे म्हटलं, लहानपणी रेडिओवर त्यांचा आवाज ऐकत मी मोठी झाले. आमच्या घरी रेडिओ नव्हता. पण ते वाक्य छान बसलं आणि हेडफोन घातलेल्या माझ्या फोटोखाली ठळक अक्षरांत छापून आलं. मला तेव्हा लाज वाटली नाही हे सांगून टाकते. कात्रण मी फ्रेम करून घेतलं.

त्याच वर्षी गावच्या मंडई समितीने सत्काराला बोलावलं. आई फोनवर म्हणाली, काकाजी आता मिलमध्ये जात नाहीत, खोकला वाढला आहे, पण मंडपात येणार आहेत. तेव्हा कुठे मला घाम फुटला. गोंदियाहून सौंदडला येताना गाडीत मी ठरवलं, आज सगळ्या गावासमोर त्यांचं नाव घ्यायचं. पेपरात काय छापलं ते छापलं, आज दुरुस्त करायचं. माझ्या भाषणाचं तेवढं एकच वाक्य मी ठरवलं होतं: मला हे काम काकाजींनी शिकवलं.

दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर दंडार नाचणाऱ्यांचा ढोल वाजत होता, जिलेबीच्या कढया चढल्या होत्या. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर काकाजी बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. इतकं बारीक झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मागे तालमीतले जुने लोक होते. आमच्या मंडपात कडेची खुर्ची म्हणजे मानाची नव्हे, पण तिथून रंगमंचावरच्या माणसाचं तोंड नीट दिसतं.

माझ्याआधी अध्यक्ष बोलले. आमच्याकडचे अध्यक्ष थोडक्यात बोलत नाहीत. त्यांनी खिशातून ते कात्रण काढलं आणि मुलाखत वाचून दाखवली, अख्खी, थोर आवाजाचं नाव आणि रेडिओसकट. मग म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाचा आशीर्वाद आपल्या गावच्या पोरीला लाभला, ती आठवण तिने स्वतः सांगावी. टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता, समोर ती मुलाखत घेणारा पेपरचा माणूस वही उघडून बसला होता.

मी माईकसमोर गेले. म्हटलं, माझे गुरू. आणि थांबले.

खरं बोलायचं तर आधी खोटं बोलले हे कबूल करावं लागणार होतं. आताच, याच लोकांसमोर, याच कात्रणावर. ज्या तोंडून मी दिवसाला चार माणसं काढते त्यातून पुन्हा 'माझे गुरू' एवढंच निघालं. मी काकाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, पण मला ज्या नजरेची भीती होती ती त्यात नव्हती. नट अडकल्यावर ते जसे बघायचे तसेच बघत होते, काळजीने. त्यांचे ओठ हलले. त्या थोर माणसाचं नाव माझ्या कानात येऊन पडलं, आडनावासकट, स्वच्छ. शेजारच्या माणसाने मान वळवली नाही. मागच्या कुणाला काही कळलं नाही. खोकल्याने गेलेल्या त्या छातीतून त्यांनी ते एवढ्या माणसांतून फक्त माझ्यापाशी पोचवलं.

आणि मी उचललं.

नुसतं नाव नव्हे. लहानपणी रेडिओवर, असं त्यांनी पुढचं दिलं, मी तेही उचललं. आवाज ऐकत मी मोठी झाले, तेही. त्यांना माझी मुलाखत तोंडपाठ होती. अर्धं पाऊल पुढे तेच चालत होते आणि मी मागून मोठ्याने बोलत होते, झाडीपट्टीतल्या कोणत्याही नटीसारखी. शेवटच्या शब्दाआधी त्यांनी श्वास जरासा अडकवला. मी तोही घेतला. बायकांनी डोळे पुसले.

खाली उतरल्यावर मी गर्दीतून सरळ त्यांच्याकडे गेले आणि पाया पडले. गावाला वाटलं, संस्कार. मी त्यांच्या कानाशी विचारलं, तुमी तुमचं नाव काऊन नाही दिलं? त्यांनी आधी खोकला आवरला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, पण काम बरं झाल्यावर असायचे तसे ते खूश होते.

"मी कायले माह्या मनचं देऊ, बाई? जे लिवलं असते थेच देतो. वही तं तुनंच लिवली."

मग म्हणाले, चांगलं उचललंस, आणि घरी न्यायला आलेल्या नातवाचा हात धरून उठले. त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात पेपरचा घडी केलेला तुकडा दिसत होता. घड्यांवर तो फाटत आला होता.

पुढच्या मंडईला ते नव्हते. मला कुणी कळवलं नाही, आणि कळवायला मी त्यांची लागत कोण होते? नात्याने कुणीच नव्हते आणि पेपरात तर दुसऱ्याचीच शिष्या होते. ते गेले त्या आठवड्यात मी एका खारीला हिंदीत आणि मराठीत हसवत होते.

परवा शिकवणीला आमच्याच भागातल्या दवनीवाड्याची एक मुलगी आली. शहरी बोलायचा जिवापाड प्रयत्न करत होती, आणि मध्येच "मी सराव करून राहिली" म्हणून गेली. बाकीची हसली. ती लाल झाली, आणि मला इतका राग आला की कुणाचा ते कळेना. माझ्या ओळखीचा तो वास त्या खोलीत फक्त तिच्या बोलण्याला होता. तिने खाली मान घालून विचारलं, मॅम, तुमचे रोल मॉडेल कोण? समोर पेपरवाला नव्हता, अध्यक्ष नव्हते, कात्रण नव्हतं. खरं सांगितलं असतं तर माझं काही जाणार नव्हतं, आणि त्या पोरीला मान वर करता आली असती.

मी त्या थोर माणसाचं नाव सांगितलं, रेडिओसकट. झाडीपट्टीतल्या नटाचं काहीच पाठ नसतं. माझं तेवढं पाठ झालं आहे, आता प्रॉम्प्टर लागत नाही.