धुतलेली वाघीण

कवळीवाल्यांच्या घरात तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत दात तयार होतात, मागच्या खोलीत आगगाड्या धावतात. पुढची खोली पोटापाण्याची. मागची कशाची, हे विचारणं त्यांच्या पत्नीनं कधीच सोडून दिलं आहे. दंतवैद्य जबड्यांचे ठसे पाठवतात, कवळीवाले त्यात प्लास्टर ओततात, मेणावर दात मांडतात, मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक भरून शिजवतात, घासतात आणि शेवटी झळाळी आणतात. या कामाची सवय अशी जडली आहे की हातात आलेली कुठलीही वस्तू ते आधी उजेडाकडे धरतात आणि मग अंगठ्यानं पुसतात.

मागच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायवूडचं टेबल आहे. त्यावर दोन स्टेशनं, एक बोगदा, एक लोखंडी पूल, गुदामं आणि एक तळं. तळं कवळीच्या उरलेल्या अ‍ॅक्रिलिकचं असल्यामुळे त्याच्या एका काठाला हिरडीची गुलाबी झाक आहे. रविवारी सकाळी इथं चौघं जमतात. घरमालक या नात्यानं कवळीवाले. वेळापत्रक सांभाळणारे वकील. डोंगर करणाऱ्या बेकरीताई, कारण ज्याला क्रीम फेटता येतं त्याला प्लास्टर फेटता येतं, असं त्यांचं म्हणणं. आणि अर्ध्या गावाच्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला पेंटर. तो आणि कवळीवाले शाळेपासूनचे, त्यामुळे अरे-तुरे फक्त त्या दोघांत. ज्याची गाडी रुळावरून घसरेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा, हा खोलीचा एकमेव नियम. वकिलांची घसरली की ते आधी रुळाला दोष देतात, मग वळणाला, आणि चहाची पावडर संपेपर्यंत निकाल राखून ठेवतात.

मंडळात भांडण एकच, पण जुनं. कवळीवाल्यांच्या गाड्या नव्याकोऱ्या, लखलखीत. पेंटरची मालगाडी मळकी, आणि तो मळ त्यानं स्वतः रंगवलेला. प्रत्येक वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, गंज, झाकणातून ओघळलेलं तेल, चाकांनी उडवलेली धूळ, कुणा हमालानं खडूनं ओढलेल्या रेघा. एकेका डब्याला महिना लागे.

“तुझी गाडी बघितली की हात धुवावेसे वाटतात,” कवळीवाले म्हणत.

“तुझी बघितली की किल्ली देऊन सोडावीशी वाटते. खेळण्यासारखी,” पेंटर म्हणे.

“अरे, जरा आंघोळ घाल तिला.”

“ती कष्टाची आहे. तुझ्यासारखी गादीवर बसून दात घासत नाही.”

“दोघांनीही उचलली जीभ, लावली टाळ्याला,” बेकरीताई डोंगराला गवत चिकटवत म्हणत. “गाडी येऊ द्या, मला ती बोगद्याच्या तोंडाला घासते का ते बघायचंय.”

वकिलांनी या वादाचंही रीतसर प्रकरण केलं होतं. पुरावा म्हणून त्यांनी पेंटरच्या प्रत्येक वाघिणीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते.

पेंटरची सगळ्यात नवी वाघीण तेलाच्या टाकीची होती. बेकरीताईंनी ती नाकाला लावून पाहिली आणि रॉकेलचा वास येतो म्हणाल्या. थट्टेसाठी कवळीवाल्यांना तीच सुचली.

पुढच्या खोलीत कवळ्या धुण्याचं एक यंत्र आहे. छोट्या टबात द्रावण भरायचं, बटण दाबायचं; पाणी बारीक थरथरतं आणि कवळीच्या फटीतला वर्षानुवर्षांचा मळ आपोआप सुटून तळाशी बसतो. एका शनिवारी कवळीवाल्यांनी टाकीची वाघीण त्यात सोडली. पेंटरचा मळ म्हणजे वरवरची पूड, गेली तर आठवड्यात परत लावेल, असा त्यांचा हिशोब. मागं एकदा त्यांनी त्याच्या इंजिनाची धूळ पुसली होती, तेव्हा पेंटरनं पुढच्याच रविवारी ती परत चढवली होती आणि वर कवळीवाल्यांच्या चकचकीत डब्याच्या खिडक्यांना काजळ फासलं होतं. तसंच काहीतरी होईल, या आनंदात ते चहा प्यायला वर गेले.

खाली आले तेव्हा टबातलं पाणी तपकिरी झालं होतं. फक्त पूड नव्हती गेली. गंज गेला होता, तेल गेलं होतं, खडूच्या रेघा गेल्या होत्या, खालचा मूळ रंगही सुटला होता. हातात आलं ते साधं पांढरं प्लास्टिक. त्यांनी ते उजेडाकडे धरलं आणि परत टबात पाहिलं. पण थट्टेची तयारी झाली होती, आणि झालेली तयारी वाया घालवणारे ते नव्हेत. त्यांनी वाघीण वाळवली, सवयीनं झळाळी आणली आणि गाडीच्या मधोमध जोडून ठेवली.

रविवारी मालगाडी बोगद्यातून बाहेर आली. काळपट रांगेत एक पांढरीशुभ्र टाकी.

“अगं बाई, मधला दात बसवला!” बेकरीताई.

“आरोपी कोण, हे विचारण्याचीही गरज नाही,” वकील म्हणाले. “हत्यार पुढच्या खोलीत आहे.”

हसून हसून वकिलांना ठसका लागला. पेंटरही हसला. गाडीनं पूर्ण फेरी मारली, मग त्यानं तळहातानं बटण बंद केलं, टाकीकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, “छान दिसतेय. राहू दे.”

राहू दे हे शब्द पेंटरच्या तोंडी नव्हतेच कधी. पण विजेत्याचं तिकडे लक्ष जात नाही. पुढच्या रविवारी टाकी पांढरीच होती, त्याच्या पुढच्या रविवारीही. “शेवटी मान्य केलंस!” कवळीवाले म्हणाले. पेंटरनं अर्धाच कप चहा घेतला. “आणि हा अर्धा कप कशाला? घरून बंदी आली काय?” यावरही सगळे हसले.

त्यानंतर पुढच्या खोलीवरच्या पाटीचं एक अक्षर उडालं, म्हणून कवळीवाले एका दुपारी न सांगता पेंटरच्या दुकानात गेले. पेंटर नव्हता. त्याची मुलगी स्टुलावर उभी राहून एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होती. अक्षरांचं वळण हुबेहूब बापाचं.

“बाबा डॉक्टरकडे गेलेत, काका. येतील. पाटीचं काम असेल तर मीच करीन, काळजी नको. खाली सही त्यांचीच टाकते.”

“तू कधीपासून करतेस?”

“त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून. वर्ष होईल.” तिनं ब्रश पुसला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तुम्हाला बोलले नाहीत?”

कवळीवाल्यांनी स्टुलाजवळची रंगाची डबी उचलली आणि अंगठ्यानं पुसली.

मुलीनं मग सांगितलं. आजार हळूहळू वाढणारा होता. दुकानाच्या पाट्या सुटल्या तेव्हा बाबा फारसे बोलले नाहीत. पोट भरायला मुलगी होतीच. पण त्यांना एक वाघीण पुरी करायची होती. मनगट पट्ट्यानं टेबलाला बांधायचे, श्वास धरायचे, एक रेघ मारायचे आणि दमून बसायचे. सगळा पावसाळा त्यात गेला. “ती तेलाची टाकी. त्यानंतर ब्रश नाही धरला. ती बघितली का तुम्ही नीट? कसली सुंदर झालीय ना?”

“हो,” कवळीवाले म्हणाले.

“काका, मी बोलले हे सांगू नका हं. सगळे भेटले की आधी हाताकडे बघतात, मग चेहरा करतात. तुमच्याकडचा रविवार तेवढा तसा नसतो. तेवढ्यासाठी आठवडाभर थांबतात ते.”

कवळीवाले घरी आले. वाटेत त्यांना एकेक गोष्ट दिसत गेली: बटण बोटांनी न फिरवता तळहातानं दाबणं, उजवा हात सतत खिशात, हिंदकळू नये म्हणून घेतलेला अर्धा कप. सगळं त्यांच्या समोर घडलं होतं आणि प्रत्येकावर त्यांनी एकेक टोमणा मारला होता.

त्या आठवड्यात एका दंतवैद्याकडे दोन वरच्या कवळ्या गेल्या, खालची एकही नाही. पत्नीनं कारण विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“अहो, मग जाऊन माफी मागा. शाळेपासूनचा मित्र तुमचा.”

“माफी मागितली की मला कळलंय हे त्याला कळणार. मग रविवारी माझ्यासमोरही तो आजारीच. यायचा बंद होईल.”

“मग नका मागू.”

“आणि ती पांढरी टाकी रोज डोळ्यांसमोर?”

“मागायचीही नाही आणि न मागता राहवतही नाही. दोन्ही कसं चालेल?” ती म्हणाली. “माझ्यासमोर तरी तोंड पाडून फिरू नका. कालपासून तीच एक बशी पुसताय.”

कवळीवाल्यांच्या धंद्यात एक काम असं आहे ज्याबद्दल ते मंडळात कधी बोलले नव्हते, कारण बोलले असते तर वाद तिथेच हरले असते. साठीच्या माणसाला पांढरेशुभ्र दात शोभत नाहीत. समजदार गिऱ्हाईक ते मागतही नाही. त्याला आपल्या वयाचे दात हवे असतात: कडेला चहाचा पिवळेपणा, सिगारेटचा तपकिरी डाग, एका दाताला केसासारखी चीर. असे डाग कवळीवाले केसभर जाडीच्या ब्रशनं रंगवतात, आणि गावात त्यांच्याइतकं चांगलं कुणी रंगवत नाही.

त्यांनी वकिलांकडून टाकीचे फोटो मागितले.

“कशासाठी?”

“सहज.”

“सहज असं काही नसतं,” वकील म्हणाले, पण फोटो दिले.

दुपारचं काम बाजूला सारून कवळीवाल्यांनी रोज थोडं थोडं रंगवलं. आधी डबीच्या झाकणावर, मग टाकीवर. गंज जमला, तेलाचा ओघळ बराच जमला. खडूच्या रेघा तीनदा खोडल्या. कुणाच्या तरी सहीची नक्कल करत असल्यासारखं त्यांना वाटत होतं, आणि ते फारसं चूकही नव्हतं. शनिवारी त्यांनी टाकी गाडीत जोडली आणि रविवारी सकाळपर्यंत दोनदा काढून परत जोडली.

गाडी बोगद्यातून आली.

“अरे! मळली परत!” बेकरीताई ओरडल्या. “पेंटर, घेतलात ना सूड?”

“अपील मंजूर,” वकील म्हणाले. “मूळ निकाल रद्द. कवळीवाले, तुमचं म्हणणं?”

कवळीवाले टेबलाची कड अंगठ्यानं पुसत होते. ते आता पेंटरच्या एका शब्दावर उभे होते. ‘ही मी नाही केली’ एवढं तो म्हणाला असता, तर बाकी दोघांचा पुढचा प्रश्न सरळ होता: मग तुम्ही का नाही केलीत?

पेंटरनं तळहातानं गाडी थांबवली. डाव्या हातानं टाकी उचलली, डोळ्यांजवळ नेली, फिरवून पाहिली. मग त्यानं कवळीवाल्यांकडे पाहिलं. ते पाहणं फार वेळाचं नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “मळवली.”

बेकरीताईंनी टाळ्या वाजवल्या. वकिलांनी नवे फोटो काढले. तासाभरानं दोघं गेले, पेंटर बसून राहिला.

“गंज खालून वर चढत नाही,” तो म्हणाला. “वरून ओघळतो. पावसाचं पाणी कुठून येतं? आणि हमाल काय शाळेत फळा लिहितो? रेघ कशी सरळ आली?”

“हं.”

“पोरीनं सांगितलं?”

“कुणी नाही सांगितलं.”

“पोरीनंच सांगितलं.” त्यानं उजवा हात खिशातून काढला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. हाताशेजारच्या छोट्या सिग्नलचा खांब हलू लागला.

“पेंटर, मी खरंच…”

“ते बोलू नकोस. तू बोललास की मला उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.” त्यानं हात परत खिशात घातला. “त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. एवढं ऐकून ठेव. पुढं काही विचारू नकोस.”

कवळीवाल्यांनी मान हलवली.

“घरी सहा वाघिणी कोऱ्या पडल्यात,” पेंटर म्हणाला. “बुधवारी आणतो. दुपारी. त्या दोघांना कळता कामा नये.”

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी पुढच्या खोलीत कवळ्या थांबतात. पेंटर खुर्चीत बसतो आणि सांगतो, कवळीवाले रंगवतात. पेंटर शिक्षक म्हणून भयंकर आहे. एक बिजागरी चार वेळा पुसायला लावतो, शिव्या देतो, “दात घासणाऱ्या” म्हणतो आणि क्वचित एखाद्या डागावर गप्प बसतो. गप्प बसला की तो डाग पास झाला असं समजायचं. हे सगळं प्रेमानं चालतं की शिक्षा म्हणून, हे कवळीवाल्यांना अजून कळलेलं नाही. विचारण्याची सोय त्यांनी स्वतःच घालवली आहे.

पहिली वाघीण गेल्या रविवारी रुळावर आली. कोळशाची, एका दाराला पोचा. बेकरीताईंनी ती उचलून खिडकीशी नेली आणि बराच वेळ परत दिली नाही.

“कवळीवाले, इकडं या. बघा. याला म्हणतात हात! तुम्ही आयुष्यभर पॉलिश मारा, हे नाही जमायचं तुम्हाला.”

“नोंद घ्यावी,” वकील म्हणाले.

पेंटर खिशात हात घालून उभा होता. “शिकेल हळूहळू,” तो म्हणाला.

“कुठलं जमतंय मला,” कवळीवाले म्हणाले आणि सगळ्यांबरोबर हसले.

वर जेवायला गेले तेव्हा पत्नीनं विचारलं, “आज तरी मोकळं वाटलं का?”

“त्याची फार स्तुती झाली.”

“मी तुमचं विचारलं.”

त्यांनी ताट पुढं ओढलं. “पाच वाघिणी राहिल्यात,” ते म्हणाले. त्या संपल्यावर बुधवारी पेंटर कशाला येईल, हे त्यांनी तिला विचारलं नाही.